पत्रे उतरवण्याचे नियम

४ मे, दुपार
सुजितच्या कंपनीत, म्हणजे चाकणला, जुन्या शेडचे पत्रे बदलायचं काम निघालं आहे. त्यानिमित्ताने कामगारांना एक पुस्तिका वाटली. त्याने ती घरी आणून टीव्हीवर टाकली. घरात छापील काही आलं की मी ते वाचते, मग ते औषधाच्या खोक्यातलं चिठोरं का असेना. सातवीनंतर शाळा सुटली, वाचन सुटलं नाही. पुस्तिका दोनदा वाचली.

समजलं ते असं. आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो तो नुसता सिमेंटचा नसतो. त्यात ॲस्बेस्टॉसचे धागे असतात. पत्रा फुटला, कापला, घासला की धागे हवेत उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत. फुप्फुसात जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी आपलं काम दाखवतात.

मान वर केली. आमच्या डोक्यावर तेच.

संकल्प: मे संपायच्या आत पत्रे उतरवायचे आणि रंगीत लोखंडी पत्रे घालायचे. सुनेला, तनुजाला, तिसरा महिना आहे. बाळ घरी येईल तेव्हा वर नवं छप्पर पाहिजे. हे जाहीर केल्यावर सुजितने मला मिठीच मारली. त्याला वाटलं होतं मी आढेवेढे घेईन. का घेईन? पत्रे यांनी स्वतःच्या हाताने चढवले म्हणून? आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली. मी वस्तूंत जीव अडकवणारी बाई नाही.

६ मे
प्रकार तीन: पांढरा, तपकिरी, निळा. पांढऱ्याचे धागे कुरळे, बाकी दोघांचे सुईसारखे सरळ. निळा सगळ्यात जहाल. घरांच्या पत्र्यांत बहुतेक पांढरा. पांढरा गरीब, असं विकणारे सांगतात. पुस्तिका म्हणते कर्करोग तिघेही करतात. म्हणजे तिघे सख्खे भाऊ, एक जरा कमी बोलतो एवढंच.

जुन्या इमारतींत तो कुठेही असू शकतो. गरम पाइपांच्या वेष्टणात, फरशीत, छताच्या तक्त्यांत, पाण्याच्या टाकीत. जेवताना सगळं समजावून सांगितलं. तनुजा म्हणाली, आई, आमटी गार होतेय.

९ मे
आकुर्डी स्टेशनजवळचा एक पत्रेवाला बघायला आला. कमरेला हातोडी. म्हणाला, मावशी, काय टेन्शन नका घेऊ, फोडून खाली घेतो, सांजच्याला साफ. विचारलं, फोडून? म्हणाला, मग काय पूजा करून घ्यायचे का? विचारलं, तुकडे कुठे टाकणार? म्हणाला, रस्त्याच्या भरावात, फुकट नेतात लोक.

त्याला उभ्यानेच नियम ऐकवले. फोडायचं नाही. ग्राइंडर लावायचा नाही. आधी पाणी फवारायचं, त्यात थोडा साबण घालायचा म्हणजे पाणी आत मुरतं. बोल्ट गंजला असेल तरी पत्रा तोडून काढायचा नाही. वरून फेकायचा नाही, हातोहात उतरवायचा. जाड प्लास्टिकच्या दुहेरी थरात गुंडाळायचा, वर धोक्याची चिठ्ठी लावायची आणि सरकारमान्य ठिकाणीच पाठवायचा.

तो सुजितला म्हणाला, दादा, आईंना नगरसेवक करा. आणि गेला. चहाही घेतला नाही.

काम लांबलं, पण चुकीच्या माणसाच्या हातून होण्यापेक्षा लांबलेलं बरं.

१३ मे
शेजारचे बरकतभाई त्यांच्या गॅरेजात गाडीचा ब्रेक उघडून हवेने धूळ उडवत होते. त्यांना सांगितलं की जुन्या ब्रेकच्या लायनरमध्येसुद्धा ॲस्बेस्टॉस असायचा, तेव्हा हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. ते हसले. म्हणाले, रुक्मिणीताई, चाळीस वर्षं झाली, आता फुप्फुसाला सवय झाली असेल. त्यांची बायको परवीन आतून ओरडली, हसता काय, ताई वाचून बोलते, तुमच्यासारखं पेपरात वडापाव खाऊन पेपर फेकून नाही देत.

संध्याकाळी पाहिलं, बरकतभाई ओलं फडकं घेऊन बसले होते. एक माणूस सुधारला.

१७ मे
सुजित म्हणाला, आई, प्रकार कळायला लॅबला नमुना पाठवू, आपल्या पत्र्याचा एक कोपरा ओला करून नखाएवढा तुकडा काढतो. मी सगळे कोपरे नीट पाहिले. आमचा एकही कोपरा फुटलेला नाही. शाबूत पत्रा मुद्दाम कशाला फोडायचा? परवीनच्या न्हाणीवरचा पत्रा आधीच फुटलेला आहे. दोन्ही घरांचे पत्रे एकाच टेम्पोतून आले होते, यांनी आणि बरकतभाईंनी मिळून आणले होते. तेव्हा तिचा तुकडा शास्त्रीयदृष्ट्या आमचाच.

 सुजित परवीनकडे गेला.

२६ मे
पाऊस. मे महिन्यातच. पावसात घर उघडं टाकता येत नाही. यात माझा हात नाही.

ठरलं: चार दिवस उघडीप मिळाली की लगेच.

५ जून
रिपोर्ट आला. पांढरा. परवीन रडवेली झाली. म्हणाली, ताई, मी त्या पत्र्याला खराटा मारते दर रविवारी, आता? सांगितलं, आजपासून कोरडा खराटा बंद, ओल्या फडक्याने हलकं पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. तिने मान डोलावली. माझ्यामुळे या गल्लीत जागृती होत आहे.

सुजित म्हणाला, आई, आता आपल्याला कळलंय ना, मग थांबायचं कशाला? म्हटलं, कळलंय म्हणूनच. अज्ञानी माणूस घाई करतो.

१८ जून
पत्र्यांची तपासणी मी स्वतः करायचं ठरवलं आहे. पत्र्यावर चढायचं नाही, पत्रा वजनाने तुटतो आणि माणूस थेट खाली येतो. म्हणून शिडी लावून फक्त डोकं वर काढून बघायचं.

तपासणी केली. पत्रे आठ. शेवाळ आहे. तिसऱ्या पत्र्यावर डांबराचं ठिगळ. हे दर उन्हाळ्यात आडवी फळी टाकून त्यावरून सरकत जायचे आणि भेगा भरायचे. मी खालून शिडी धरून बडबडायची. ठिगळात चपलेचा ठसा आहे. डावी, टाचेशी झिजलेली. शेवटच्या वर्षी पाय घसरून डांबरात पडला होता, चप्पल वाया गेली म्हणून दिवसभर स्वतःवरच चिडले होते. चप्पल मीच फेकून दिली.

बाकी विशेष काही नाही.

२१ जून
पुन्हा तपासणी. स्थिती जैसे थे.

२६ जून
तपासणी. तनुजा खालून म्हणाली, आई, रोज काय बघता? म्हटलं, अशा पत्र्यावर नियमित लक्ष ठेवायचं असतं, पुस्तिकेत आहे. ती म्हणाली, वर्षातून एकदा असं लिहिलंय, मी वाचलंय. सून वाचणारी मिळाली याचा एरवी मला अभिमान आहे.

१३ जुलै, रविवार
सुजितने आज स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसून सांगितलं. आई, मी कंपनीत त्या लोकांचं काम पाहिलंय, पांढरे सूट, मास्क, सगळं. मला आता रात्री वर बघितलं की झोप येत नाही. बाळ या पत्र्याखाली यायचं नाही. दिवाळीपर्यंत पत्रे उतरले नाहीत, तर आम्ही ताथवड्याला फ्लॅट बघतो.

मला हसू आलं. ताथवड्याला! कॉलेजची पोरं आणि लिफ्ट. तो जाणार नाही. माझ्या हातची ज्वारीची भाकरी सोडून तो कुठे जात नाही, लग्नानंतर हनिमूनलासुद्धा डबा नेला होता.

तरी त्याच्या समाधानासाठी म्हटलं, त्या पांढऱ्या सूटवाल्यांनाच बोलाव.

२७ जुलै
गणराज आला. सुजितच्या कंपनीत ज्यांनी काम केलं त्यांचा सुपरवायझर. माणूस खेडचा, आवाज मोठा. आल्या आल्या पत्र्याकडे बघून म्हणाला, अर्ध्या दिवसाचं काम हाय मावशी.

त्याची परीक्षा घेतली. पाणी? फवारणार. बोल्ट? पान्याने, नाहीतर कटरने फक्त बोल्ट कापणार, पत्र्याला हात नाही. प्लास्टिक? जाड, दोन थर. खाली जमिनीवर? तिथेही प्लास्टिक अंथरणार. झाडू? ओलं पुसणार, वर फिल्टरवाला व्हॅक्यूम. साधा व्हॅक्यूम का नाही? तो धागे मागून बाहेर फेकतो मावशी. कपडे? एकदाच वापरायचे, पत्र्यांबरोबर जाणार. माल कुठे? कागदपत्रांसह मान्यताप्राप्त ठिकाणी.

सगळं बरोबर. मला जरा राग आला.

मग विचारलं, मास्क? म्हणाला, भारीतला, फिल्टरचा. मग मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. परवाच श्रावण लागला आहे. तो आणि त्याची चार पोरं, सगळ्यांनी श्रावणाची दाढी ठेवलेली. खुंट काळे दिसत होते. पुस्तिकेत स्पष्ट आहे: दाढीवर मास्क बसत नाही, फटीतून हवा जाते. म्हटलं, ही दाढी चालणार नाही.

तो म्हणाला, मावशी, श्रावण हाय. म्हटलं, धाग्यांना श्रावण कळत नाही. तो म्हणाला, आई घरात घेणार न्हाई ओ. म्हटलं, मग श्रावण संपल्यावर या. मला त्या पोरांच्या फुप्फुसांची काळजी.

सुजितने कपाळावर हात मारून घेतला. कशासाठी ते समजलं नाही.

३ ऑगस्ट
दारात गणराज. गुळगुळीत. मागे चार पोरं, तीही गुळगुळीत. ओळखूच आले नाहीत, पाच उकडलेली अंडी दारात उभी राहिल्यासारखं वाटलं. म्हणाला, मावशी, आईनं दोन दिवस बोलणं टाकलं, पण नियम म्हंजे नियम. उद्या सकाळी लावू का हात?

आभाळाकडे पाहिलं. म्हटलं, पाऊस आहे, पत्रे ओले आहेत, पोरं घसरतील. सुजित म्हणाला, आई, पट्टे बांधून काम करतात ते, आणि ओलेच पाहिजेत असं तूच तीन महिने सांगतेस. म्हटलं, ओले पाहिजेत, पण आपण ओले केलेले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून परवीन बोलली, गणराजभाऊ, दाढी काढलीच हाय तर आमचं करून टाका ना. बिचाऱ्यांची दाढी वाया नको जायला.

बरकतभाई म्हणाले, हो हो, आमचं करा.

हरकत नाही. आधी शेजारच्या घरावर प्रयोग झालेला बरा.

१० ऑगस्ट
परवीनचे पत्रे उतरले. अर्धा दिवस. मी खिडकी बंद करून काचेतून बघत होते, नियमाप्रमाणे शेजाऱ्यांनीही लांब राहायचं असतं. एकही पत्रा फुटला नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गठ्ठे टेम्पोत असे ठेवले जशी रुखवतातली ताटं. दुपारी वर निळे लोखंडी पत्रे. बरकतभाई खाली उभं राहून वर बघत म्हणाले, ताई, हे सगळं तुमच्यामुळे. ज्योतीरामभाऊ असते तर खूश झाले असते.

मी म्हटलं, हे असते तर तुमच्याही पत्र्याला आधी डांबर लावून आले असते.

मग आत आले. कांदा चिरला. कांदा फार तिखट निघाला.

२५ ऑगस्ट
श्रावण संपला, अडचण मिटली. पण परवा गणपती. गणपतीत घर उघडं टाकत नाहीत.

५ सप्टेंबर
तनुजा माहेरी नारायणगावला गेली. ओटी भरली. निघताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, आई, मी परत येईन तेव्हा निळं छप्पर पाहिजे हं, नाहीतर हिरवं चालेल. सांगितलं, दोन आठवड्यांत. मी मनापासून सांगितलं. मी खोटं बोलत नाही.

१० सप्टेंबर
पितृपक्ष. पितृपक्षात नवं काम काढत नाहीत. सुजित म्हणाला, आई, तू कधीपासून हे पाळायला लागलीस? परवीनच्या भाचीचं लग्न अमावस्येला होतं तेव्हा तूच म्हणालीस ना, दिवस सगळे सारखे? म्हटलं, दिवस सारखेच असतात. पण समाजात राहायचं असतं.

१६ सप्टेंबर
आज यांची तिथी. खीर, वडे, गवारीची भाजी, कढी. यांना कढी आवडायची, वाटीला तोंड लावून प्यायचे, मी ओरडायची. कावळ्याचं पान ठेवायला सुजित शिडीवर चढला. पान ठेवलं आणि तो तसाच वर उभा राहिला. खाली यायला फार वेळ लावला.

उतरल्यावर म्हणाला, आई, तिसऱ्या पत्र्यावर बाबांच्या चपलेचा ठसा आहे.

म्हटलं, असेल.

तो म्हणाला, तू त्यासाठी रोज वर जातेस का?

म्हटलं, मी तपासणीसाठी जाते.

मग तो अगदी हळू बोलला, लहानपणी ताप आल्यावर बोलायचा तसा. म्हणाला, आई, तेवढा तुकडा कापून घेऊ. गणराजला सांगतो. काचेत बसवून देतो तुला.

मी त्याला सांगितलं की ॲस्बेस्टॉस कापायचा नसतो. कापला की सगळ्यात जास्त धागे उडतात. हा पहिला नियम आहे. तो म्हणाला, मग अख्खा पत्रा गुंडाळून ठेवू, मागच्या भिंतीला. म्हटलं, घातक कचरा घरात ठेवता येत नाही, तुझ्याच कंपनीची पुस्तिका आहे.

तो म्हणाला, मग काय करायचं आई, तूच सांग.

नियमात तसं काही दिलेलं नाही. वर कावळा आला, घास घेऊन गेला. लगेच आला. यांना भूक सहन व्हायची नाही.

२ ऑक्टोबर
दसरा. नव्या कामाला याहून चांगला दिवस नाही. सकाळीच गणराजला फोन केला. स्वतः केला, याची नोंद असावी. तो म्हणाला, मावशी, चाकणला मोठ्या शेडचं काम लागलंय, दिवाळीनंतरच जमेल. पोरं पण दिवाळीला गावी जाणार.

बघा. मी तयार होते.

८ ऑक्टोबर
सुजितने ताथवड्याच्या फ्लॅटची किल्ली दाखवली. सातवा मजला, लिफ्ट, स्लॅब. आवाज न चढवता दाखवली. मी म्हटलं, गणराज दिवाळीनंतर येतोय की. तो म्हणाला, आई, गणराज ऑगस्टमध्ये दाढी काढून आला होता.

मुलगे मोठे झाले की त्यांना जुन्या गोष्टी उकरायची सवय लागते.

६ नोव्हेंबर, सकाळ
मुलगी झाली. दोघी सुखरूप. परवीनने गल्लीभर पेढे वाटले, जसं काही तिच्याच घरी झालं. बरकतभाई म्हणाले, आजी झाल्या ताई, आता तरी आम्हाला लेक्चर कमी द्या. मी पोरीचा फोटो मोबाइलवर शंभरदा पाहिला. भुवया यांच्या. मधे जोडलेल्या, कुणाला तरी जाब विचारत असल्यासारख्या.

संकल्प: पोरीचे पाय घराला लागायच्या आत. काहीही झालं तरी. दिवाळी झाली, गणराजला फोन तेवढा राहिला आहे.

१७ नोव्हेंबर
नारायणगावला बारसं झालं. नाव इरा ठेवलं. पाळण्यात मी नाव सांगायला वाकले तेव्हा तिने माझं बोट धरलं आणि सोडेना. श्वास इतका बारीक की ऐकायला कान खाली न्यावा लागतो. मी बराच वेळ तशीच वाकून होते. पाठीत कळ आली म्हणून उठले.

तनुजा म्हणाली, आई, ताथवड्याला तुमची खोली ठेवलीय, खिडकीतून डोंगर दिसतो. तुम्ही आमच्याबरोबर चला ना. म्हटलं, येईन की. पण आमच्या पत्र्यांकडे लक्ष द्यायला कुणी तरी पाहिजे. त्यांचं काम होईपर्यंत मला हलता येणार नाही.

तिने पोरीला माझ्या मांडीवर दिलं.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळ
सुजितने टेम्पो आणला होता. कपाट, पलंग, तनुजाची शिलाई मशीन, पाळणा. बरकतभाईंनी हात लावला. जाताना सुजित पाया पडला आणि बराच वेळ उठलाच नाही. म्हटलं, ऊठ, गुडघ्यांना फरशी लागेल. तो म्हणाला, दर रविवारी भाकरी खायला येतो. म्हटलं, एकटाच ये, पोरीला इथे आणू नकोस. हे मी नियम म्हणून सांगितलं.

परवीन डबा देऊन गेली. एवढीशी पुढची खोली आता केवढी मोठी वाटते. बोललं तर पत्रे आवाज परत देतात.

मग बसून पुस्तिका पुन्हा वाचली. एक नियम माझ्या नजरेतून सुटला होता, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. काम सुरू करण्यापूर्वी घरातली माणसं आणि सामान बाहेर हलवून घर रिकामं करावं.

म्हणजे तोही पाळला गेला. आता एकही नियम शिल्लक नाही. उद्या सकाळी गणराजला फोन करायला काहीच हरकत नाही.

उद्या अमावस्या आहे. परवा करते.